'मेघना'वरचा कृष्णकांत

इंजिनखोलीच्या तळाशी मांडी घालून बळीराम घरत मोठ्या पंपाच्या पितळी चाकाला चिंचेचा कोळ चोळत बसला होता. पितळ घासायला संग्रहालयाने एक महागडी बाटली आणून दिली होती. बळीरामने ती एकदाच उघडली, वास घेतला आणि बूच लावून फळीवर ठेवून दिली. 'मेघना'ला असले नखरे चालायचे नाहीत, एवढंच त्याने सांगितलं. एकतीस वर्षं तिला चिंचच लागत आली होती, आणि म्हातारपणी कुणाच्या सवयी बदलू नयेत असं त्याचं मत होतं.

'मेघना' ही बंदरातली आग विझवायची बोट. जहाजाला किंवा धक्क्याला आग लागली की समुद्राचंच पाणी ओढायचं आणि तोफेतून आगीवर मारायचं, हे तिचं काम. नोकरी संपल्यावर तिला भंगारात काढायचं घाटत होतं. पनवेलच्या काही हौशी मंडळींनी धावपळ करून तिला वाचवलं, उधाणाच्या भरतीला खाडीतून ओढत आणलं आणि काठावर सिमेंटच्या ओट्यावर चढवून तिचं संग्रहालय केलं. पाठोपाठ बळीरामही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात येऊन त्याने रंगाऱ्याला चार चुका दाखवल्या, दुसऱ्या दिवशी आणखी तीन दाखवल्या, आणि मग रोजच येऊ लागला. शेवटी मंडळींनी हात टेकले आणि त्याला कामावर ठेवून घेतलं.

"कृष्णकांतकाका, खाली आहात का?"

बळीरामने ओ दिली. इथे सगळे त्याला कृष्णकांत म्हणत. बोटीवर तो पहिल्या दिवसापासून कृष्णकांत होता आणि घरी, रोडपालीला, बारशापासून बळीराम. दोन्ही हाकांना तो सारख्याच तत्परतेने वळायचा.

अनुया शिडी उतरून आली. संग्रहालयाचा सगळा कारभार ही तिशीतली मुलगी एकटी रेटायची. खांदा कॉलनीतून स्कूटरवर यायची आणि आल्या आल्या आधी बळीरामला चहा प्यायला का विचारायची, म्हणून त्याचा तिच्यावर जीव होता. आज तिने शेवटच्या पायरीवर बसून एक कागद पुढे केला.

"रविवारी आपल्याला वर्ष होतंय. मेघनावर काम केलेल्या सगळ्यांची नावं आहेत यात, बंदराच्या जुन्या रजिस्टरमधून काढलीत. पितळेची पाटी करतोय. उद्या संध्याकाळी कोरायला जाईल. तुम्ही एकदा बघून द्या, कारण एकदा कोरलं की मला काही बदलता येणार नाही."

बळीरामने हात पुसले आणि कागद लांब धरला. त्याची शाळा दुसरीत सुटली होती. अक्षराला अक्षर जोडत तो वाची, आणि कुणी बघत असेल तर चष्म्याची काच पुसायला बराच वेळ घेई. तेवीस नावं होती. अकरावं नाव 'कृष्णकांत हिराजी घरत, ग्रीझर' असं होतं. ग्रीझर म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा माणूस. त्या बोटीवर घरत एकच होता, तेव्हा हा माणूस कोण याविषयी शंकेला जागा नव्हती.

"बरोबर आहेत ना?"

एरवी त्याने लगेच मान हलवली असती. एकतीस वर्षं तो या नावावर मान हलवतच आला होता. पण 'कोरलं की' हे शब्द त्याच्या कानात अडकून बसले.

"उद्या सांगतो, मॅडम," तो म्हणाला.

झालं होतं ते असं. रोडपालीच्या खाडीकाठी हिराजी घरताचं मिठागर होतं. वसाहत वसवायला ते गेलं आणि बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, बंदरावर, सातवी पास असलेल्याला. घरात सातवी पास एकच, धाकटा कृष्णकांत. त्याचं नाव लागलं, डॉक्टरी तपासणीची तारीख आली आणि नेमका त्याच आठवड्यात कृष्णकांत काविळीने हळदीसारखा पिवळा झाला. तारीख चुकली तर नाव कटणार. हिराजीने थोरल्याला सांगितलं, तू जा आणि तेवढी छाती मोजून घेऊन ये. बळीराम गेला. छाती मोजली, डोळे तपासले, आणि शेजारच्या खोलीत नेऊन त्याचा फोटो काढून ओळखपत्रावर डकवून टाकला. छाती एकाची आणि सातवी दुसऱ्याची, असा एक माणूस त्या दिवशी बंदराच्या नोकरीत दाखल झाला.

कृष्णकांत बरा व्हायला दीड महिना गेला. बळीरामचं लग्न झालेलं, मुलगी वर्षाची. कृष्णकांत म्हणाला, दादा, आता तूच जा, मला तशी पाण्याची भीतीच वाटते. मिठागरावर वाढलेला, भर उधाणात खाडी पोहून जाणारा मुलगा हे सांगत होता. बळीरामने त्यावर विश्वास ठेवला, कारण ठेवणं सोयीचं होतं. मग आठवडाभर कृष्णकांतने खडूने फरशीवर गिरवून घेऊन थोरल्या भावाला स्वतःची सही शिकवली. पुढे आयुष्यभर बळीरामने ती झोकात ठोकली. स्वतःचं नाव लिहायची मात्र त्याच्यावर पुन्हा वेळच आली नाही.

एक कागद फिरला की मागोमाग सगळे फिरवावे लागतात. रेशनकार्ड, मतदार यादी, पुढे आधारकार्ड. निवडणुकीला दोघे भाऊ एकमेकांच्या नावावर मत टाकून यायचे. गावाला सगळं ठाऊक होतं आणि गावाने त्यावर भरपूर हसूनही घेतलं होतं. हसायचं नव्हतं ते एवढंच की कृष्णकांतचा सातवीचा दाखला बंदराच्या फायलीत गेला तो गेला. तळोज्याच्या कारखान्यात तो लागला तो अंगठाबहाद्दर बळीराम म्हणून, पिंपं उचलायच्या कामावर. दोन स्थळं आली. दोन्ही मुलींच्या बापांनी नोकरी कायमची का, हे विचारलं आणि चहा पिऊन निघून गेले. त्याचं लग्न राहिलं ते राहिलंच. थोरल्या भावाच्या शेजारच्या खोलीत तो राहायचा, वहिनीच्या हातचं जेवायचा आणि सकाळी ओट्यावर बसून अख्ख्या आळीला पेपर वाचून दाखवायचा.

संध्याकाळी जेवून कृष्णकांत हात धुवायला मागे गेला तेव्हा बळीरामने बायकोला पाटीचं सांगितलं. मालूने तव्यावरची तांदळाची भाकरी उलटली.

"तुमचं नाव घाला," ती म्हणाली.

पेन्शन कृष्णकांतच्या नावावर येते, उगाच कुठे काही निघालं तर म्हातारपणी दारोदार फिरावं लागेल, असं बळीराम पुटपुटला. पितळेची पाटी वाचून कुणी पेन्शन बंद करत नसतं, असं मालूचं म्हणणं पडलं. मग तिने गॅस बारीक केला. ती सहसा हात थांबवून बोलत नसे.

"रेशनकार्डावर मी माझ्या दिराची बायको हाय. बाया हसल्या, मी पन हसले. कधी काय बोलले का तुमाला? पन ती बोटीची नोकरी तुमी केली. रात नाय, सन नाय, पोरीला देवी आल्या तवा पन तुमी तिकडंच. एका जागी तरी माझ्या नवऱ्याचं नाव असू दे."

 बाहेर ओट्यावर कृष्णकांत येऊन बसला होता. भिंती काही फार जाड नव्हत्या आणि मालूचा आवाजही कधी बारीक नव्हता. बळीराम बाहेर गेला, शेजारी टेकला आणि पाटीचं कसं काढावं याचा विचार करू लागला. कृष्णकांतने पेपराची घडी घातली.

"उद्या येतो मी बोट बघायला," तो म्हणाला.

वर्षभर बोट घरापासून रिक्षाच्या अंतरावर उभी होती आणि बळीरामने भावाला एकदाही ये म्हटलं नव्हतं. आधी रंगकाम चाललंय म्हणाला, मग गर्दी असते म्हणाला. खोटं उघडं पडेल ही भीती होतीच, पण तेवढीच नव्हती. जे ताट भावासाठी वाढलं होतं त्यावर आपण बसून जेवलो, आणि ते रिकामं ताट आता त्याला कोणत्या तोंडाने दाखवायचं, हे बळीरामला कळत नव्हतं. रागावलास का, असं त्याने इतक्या वर्षांत विचारलं नाही. विचारलं असतं तर कृष्णकांतने उत्तर दिलं असतं, आणि ते ऐकायची त्याची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कृष्णकांत आला. लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट, केसांना तेल. बळीराम नको नको म्हणत असताना त्याने रांगेत उभं राहून तिकीट काढलं. अनुयाला कळलं की हे काकांचे धाकटे भाऊ, तेव्हा ती हरखूनच गेली. मग तुम्हाला बोटीचं सगळं ऐकून ऐकून पाठ असेल, असं तिने विचारलं. नाही, घरी यांनी कधी काही सांगितलं नाही, असं कृष्णकांत म्हणाला. बळीराम आपल्या चपलांकडे बघत राहिला.

कृष्णकांतने संग्रहालय बघितलं ते एकही अक्षर न सोडता. प्रत्येक फलक तो मोठ्याने वाचायचा, मराठी आधी, मग इंग्रजी. इंग्रजी तो कारखान्यातल्या पिंपांवरून शिकला होता. डेकवरच्या तोफेपाशी दहा मिनिटं गेली. ही तोफ मिनिटाला किती पाणी फेकते हे त्याने वाचलं आणि भावाकडे आदराने पाहिलं. ते आपण नाही, वरचे लोक चालवायचे, आपण खाली असायचो, असं बळीरामने सांगितलं. आग विझवणाऱ्या बोटीवर एकतीस वर्षं काढून त्याने आग डोळ्यांनी पाहिली होती फक्त दोनदा. बाकी सगळ्या आगी त्याने ऐकल्या होत्या. वरून घंटा व्हायची, पंप ओढायला लागायचा, भिंतीचं लोखंड हाताला तापलेलं लागायचं, त्यावरून वर काय चाललंय ते ओळखायचं.

इंजिनखोलीत उतरताना बळीरामने भावाचा हात धरला. खाली आल्यावर मात्र त्याची भीड मोडली. हा पंप डाव्या बाजूचा, हा जरा हट्टी, थंडीत याला आधी थोपटावं लागतं. हा पाइप गरम झाला की समजावं पाण्याबरोबर गाळ येतोय. त्याला प्रत्येक चाक हातानेच ठाऊक होतं. कृष्णकांत ऐकता ऐकता चाकांवरच्या लहान पट्ट्या वाचत होता. मोठ्या पितळी चाकापाशी येऊन तो थांबला आणि पुन्हा वाकला.

"हे तू कधी फिरवायचास?"

"रोज सकाळी. आल्या आल्या पयलं तेच."

"यावर लिवलंय, फक्त आणीबाणीत."

बळीरामने चाकाकडे पाहिलं. एकतीस वर्षं आणि वर संग्रहालयाचं एक वर्ष तो त्या पट्टीला चिंच चोळत आला होता. कृष्णकांतच्या पोटात आधी हसू गडगडलं, मग बळीरामच्या, आणि दोघे म्हातारे त्या लोखंडी खोलीत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वरून कुणीतरी वाकून बघून गेलं.

हसू ओसरल्यावर बळीराम पंपाला टेकून बसला. आत्ता नाही बोललो तर पुन्हा कधी बोलणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

"कृष्णा, ती पाटी आज कोरायला जातेय. तुझं नाव हाय तिच्यावर. मालू बोलते माझं घालावं. मलापन वाटतं, मॅडमला सगळं खरं सांगून टाकावं. पन नाव तुझं हाय. तू काय बोलतोस?"

कृष्णकांत चाकावरून हात फिरवत राहिला.

"तेलाच्या धक्क्याला आग लागली होती, तीन दिवसांची," तो म्हणाला. "तवा पेपरात बोटीवरच्या सगळ्यांची नावं आली होती. तू वाचलीस?"

"नाय. मी झोपलो होतो दोन दिवस."

"मी वाचली. ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवली. कृष्णकांत हिराजी घरत. कोनाला आयकू आलं नाय म्हनून परत वाचलं. सगळ्यांना आयकू आलं होतं."

बळीरामने पायाशी पडलेला चिंचेचा चोथा उचलून बाजूला ठेवला.

"कारखान्यात मला बळीराम बोलायचे. ए बळीराम, ते पिंप उचल. ए बळीराम, उद्यापासून येऊ नको. तीनदा काढलं, तीनदा परत घेतलं. मला तवा वाटायचं, दादाचं नाव मी कुठं घेऊन आलो." त्याने नाक ओढलं आणि हात मागे घेतला. "तुझं नाव मी काय चांगल्या जागी नाय नेलं, दादा. तू माझं नेलंस. ते राहू दे तिथं."

इतकी वर्षं बळीराम ज्या उत्तराला भीत आला होता ते हे नव्हतं. त्याला भावाला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तशी दोघांना सवय नव्हती. त्याने फळीवरचा कोरडा फडका काढून दिला, आणि कृष्णकांतने त्याने तोंड पुसलं. फडक्याला ग्रीसचा वास होता. तो त्याने पुन्हा एकदा नाकाशी धरला.

"पाण्याची भीती वाटायची का रे तुला?" बळीरामने विचारलं.

"नाय," कृष्णकांत म्हणाला आणि शिडी चढू लागला.

वर अनुया कागद आणि पाकीट घेऊनच बसली होती. कोरणारा माणूस तासाभरात येणार होता. तिने कृष्णकांतला बोट कशी वाटली विचारलं आणि अभिप्रायाची वही पुढे सरकवली. तो खुर्चीवर नीट बसला, तिच्यापुढचा नावांचा कागद वरून खालपर्यंत वाचला, शर्टाची बाही सारखी केली आणि लिहू लागला. कितीतरी वेळ तो लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने वही अनुयाकडे फिरवली, दोघांना नमस्कार केला आणि वहिनी जेवायला थांबली असेल म्हणून निघून गेला. फाटकाबाहेर रिक्षात बसेपर्यंत बळीराम त्याच्याकडे बघत राहिला.

मागे अनुया वाचत होती. तिने एकदा वाचलं, मग कागदावरच्या अकराव्या नावावर बोट ठेवलं आणि पुन्हा वाचलं. बळीराम टेबलापाशी आला. तिने वही त्याच्या बाजूला वळवली. या वेळी त्याने चष्मा पुसला नाही. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, तो एकेक अक्षर वाचत गेला. 

'मेघना पाहिली. इंजिन स्वच्छ आहे. या बोटीवर माझ्या भावाने एकतीस वर्षे काम केले आणि आजही तो तिला सोडत नाही. त्याच्यासारखा माणूस आमच्या गावात दुसरा नाही. पाटीवर तेवीस नावे आहेत, ती सर्व बरोबर आहेत.'

खाली सही नव्हती. सहीच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'बळीराम हिराजी घरत यांचा धाकटा भाऊ, रोडपाली.'

पहिल्या चार अक्षरांवर बळीरामचं बोट अडखळलं. आपलं नाव शाईने लिहिलेलं कसं दिसतं हे तो विसरून गेला होता.

"काका," अनुया म्हणाली. नेहमी ती कृष्णकांतकाका म्हणायची. "या अकराव्या नावाचं काय करू?"

बळीरामने बोट वहीवरच राहू दिलं.

"राहू दे, मॅडम. माझ्या भावाचं नाव हाय ते."

 मग तिने कागदाची घडी घातली, पाकिटात घातली आणि पाकीट चिकटवून टाकलं. दाराशी खांदा कॉलनीतलं एक कुटुंब तिकिटं हातात घेऊन उभं होतं. त्यांना आत घ्यायला ती उठली, आणि जाताना वही तिने मिटली नाही. त्याच पानावर उघडी ठेवून, वारा येईल म्हणून वर पेन आडवं ठेवून ती गेली.